दोघींचे गुडघे: नागपूरच्या एका घरात सफाईचा रोबो आला तेव्हा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपुरात घरोघरी जाऊन काम करते. बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे, गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेले. हे प्रकरण अशाच एका घराचं. घरच्यांची आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची परवानगी घेऊन लिहिते आहे. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रोबो कोणत्या कंपनीचा हेही सांगत नाही, कारण पुढे ज्या अडचणी आल्या त्यातल्या फारच थोड्या मशीनच्या होत्या. बाकीच्या त्या घराच्या होत्या, आणि आम्हा माणसांच्या.

पार्श्वभूमी

मानेवाडा रोडच्या आतल्या अंगाला एक जुना ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, आहे. तिथलं तळमजल्याचं घर, पस्तीसेक वर्षांपूर्वीचं बांधकाम. बैठक, दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्याला लागून देवघर आणि समोर दोन पायऱ्या उतरून वरांडा. जमीन मोझॅकची. प्रत्येक दारात काळ्या कडप्प्याची चार बोटं रुंद पट्टी. देवघराला सागवानी चौकट, तिचा उंबरठा दोन इंचांहून उंच.

काका ७६ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काकू ७१ वर्षांच्या. मुलगा-सून पुण्याला नोकरीत. जानेवारीत काकूंच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला आणि तिसऱ्या आठवड्यापासून मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एप्रिलपर्यंत त्या वॉकर सोडून काठीवर आल्या होत्या, पण सकाळी अंग आखडलेलं असलं की वॉकरच घ्यायच्या. डावा गुडघाही झिजलेला आहे. त्याचं ऑपरेशन अजून ठरायचं होतं.

बेबीताई त्यांच्याकडे अकरा वर्षांपासून. वय ५३. झाडू-पोछा आणि भांडी मिळून महिन्याला २,४०० रुपये. अशी सात घरं त्यांच्याकडे होती. साडेनऊला यायच्या. अंगणाला खराटा, घरात फडा, मग उकिडवं बसून मागे मागे सरकत ओल्या फडक्याने पोछा. पोछा माझ्या खुर्चीपर्यंत आला की मी पाय वर घ्यायची, तो पुढे गेला की खाली ठेवायची. फेब्रुवारी ते एप्रिल हे मी कितीतरी वेळा केलं.

नागपूरच्या धुळीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण इथे जमीन पुसणं ही हौस नाही. मार्चपासून गरम वारं सुटतं. त्यात या ले-आउटमध्ये सिमेंट रोडचं काम चालू होतं. खिडकीत कूलर बसला की तो बाहेरची हवा आत ओढतो आणि हवेबरोबर बारीक माती. कूलरच्या बाजूच्या गवती ताट्या ओल्या असल्या की थोडी अडते, टाकीतलं पाणी संपलं की सरळ आत. सकाळी पुसलेली जमीन संध्याकाळी तळपायाला चरचर लागते. काकूंसाठी हा त्रासाइतकाच धोक्याचाही विषय होता. काठीच्या टोकाचं रबर धुळीवर घसरतं.

अडचण

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बेबीताई पुतण्याच्या लग्नाला वर्धा जिल्ह्यातल्या गावी गेल्या. आठ दिवसांत येते म्हणाल्या होत्या, पण तिकडे सासू आजारी पडली आणि मुक्काम लांबला. पहिले चार दिवस काकांनी फडा हातात घेतला. त्यांचं झाडणं काकूंना पटेना. पाचव्या दिवशी काकूंनी स्वतः बैठक झाडली आणि वाकून, एक हात दिवाणावर टेकून, खाली पोछाही मारला. मी गेले तेव्हा उजवा गुडघा सुजून गरम लागत होता.

त्याच रात्री मुलाने व्हिडिओ कॉलवर आईचा पाय पाहिला आणि दुसऱ्या दिवशी रोबो मागवला. सत्तावीस हजार रुपये. त्याने विचार केला नव्हता असं नाही. २०२२ मध्ये रूम्बा या सफाईच्या रोबोच्या चाचणीतल्या मशीन्सनी टिपलेले लोकांच्या घरातले फोटो, त्यात बाथरूममधल्या एका बाईचाही, बाहेर फुटल्याची बातमी आली होती. ती आठवून त्याने मुद्दाम कॅमेरा नसलेलं, नुसत्या लेझरवर चालणारं मॉडेल निवडलं. आईच्या घरात कोणी डोकावू नये ही काळजी खरी होती.

हे मशीन कसं चालतं ते समजलं तर पुढचं समजेल. वरच्या उंचवट्यात फिरणारा लेझर चारी बाजूंची अंतरं मोजतो आणि घराचा नकाशा तयार करतो. पोटाखाली गोल ब्रश, कडेला कचरा ओढून घेणारा छोटा ब्रश, आत अर्ध्या लिटरहून कमी कचरा मावेल एवढा डबा, मागे पाण्याची टाकी आणि ओलं कापड. खालच्या बाजूला इन्फ्रारेडचे डोळे असतात. ते जमिनीवर किरण सोडतात. किरण परत आला नाही तर पुढे खड्डा किंवा पायरी आहे असं समजून मशीन मागे फिरतं. उंबरठा साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत चढतं, त्यापुढे नाही. अमेरिकेत २००२ मध्ये रूम्बा आला तो कोरडा कचरा झाडण्यासाठी. ओल्या पोछ्याची सोय नंतरच्या मशीन्समध्ये आली, आणि आपल्याकडे तर ते अर्धं काम आहे.

पहिल्या दिवशी मशीन दिवाणाखाली गेलं आणि डबा भरून बाहेर आलं. काकांनी तो वर्तमानपत्रावर उलटा केला. राखाडी मऊ धुळीचा ढीग, त्यात एक पेनाचं टोपण आणि वर्षभरापूर्वी हरवलेली कानातल्याची फिरकी. काकू त्या ढिगाकडे पाहतच राहिल्या. "एवढं सगळं माझ्या घरात होतं?" मीही त्या दिवशी मनापासून खूश झाले. दिवाणाखाली माणसाचा हात पोचत नाही आणि हे रोज पोचणार होतं.

दुसऱ्या दिवसापासून अडायला लागलं. कडप्प्याच्या काळ्या पट्टीवरून इन्फ्रारेड किरण परत येत नाही, म्हणून मशीन प्रत्येक दारात विहिरीच्या काठावर आल्यासारखं थबकायचं आणि वळायचं. बैठकीत ठेवलं की तिथून बाहेर पडेचना. चार्जिंगचा डॉक काकांनी पश्चिमेच्या खोलीत ठेवला होता. मे महिन्यात दुपारी ती खोली भट्टी होते. या मशीनच्या पुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. यंदा तेवढं नव्हतं, पण चाळीस म्हणजे आपल्याकडे मे महिन्यातली बरी दुपार. चार्जिंग अधूनमधून थांबायचं. लाइन गेली की डॉकचा सिग्नलही जायचा आणि मशीन डॉकच्या तोंडाशी येऊन चुकल्यासारखं फिरत राहायचं. "ह्याच्यात वासच नाही," असं काकू म्हणाल्या म्हणून काकांनी एके दिवशी टाकीत फिनाइल ओतलं. पंप तुंबला. पुस्तिकेत ते करू नका असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण पुस्तिका इंग्रजीत, बारीक अक्षरात.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरी गोष्ट ६ मे रोजी घडली.

सकाळी साडेअकराची वेळ. काकू देवघरातून बैठकीत येत होत्या. एका हाताने वॉकर धरलेला, दुसऱ्या हातात तीर्थाचं ताम्हण. तेवढ्यात दिवाणाखालून मशीन निघालं आणि वॉकरच्या पुढच्या पायाला लागलं. धक्का फार जोराचा नव्हता. पण वॉकर एका हातात होता, त्यामुळे तो तिरपा झाला, ताम्हण पडलं, पाणी सांडलं आणि मशीन त्या पाण्यातून गोल फिरू लागलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. काकूंच्या कमरेला हात घालून त्यांना भिंतीशी टेकवलं. त्या पडल्या नाहीत. पाच मिनिटं त्यांचा हात माझ्या मनगटावरून सुटला नाही.

मशीन त्या वेळी सुरू कसं झालं? काका अंघोळीला गेले होते. घरात कोणी बटण दाबलं नव्हतं. फोन केला तेव्हा कळलं की ॲप मुलाच्या मोबाइलवर होतं. मीटिंग संपल्यावर त्याला थोडा वेळ मिळायचा, तेव्हा तो पुण्याहून मशीन सुरू करायचा. आईला तेवढंच एक काम कमी, या भावनेने. तो फोनवर काही बोलूच शकला नाही. काकू मात्र बोलल्या: "पुण्यात बसून माझ्या घरात फडा मारून राहिला तो. मला सांगावं तरी."

दुसरी बाजू

१२ मे रोजी बेबीताई परत आल्या. मी त्या सकाळी तिथेच होते. काकूंना खुर्चीवरून हात न टेकता उठायला शिकवत होते. मशीन देवघरात जाऊ शकत नव्हतं, म्हणून बेबीताई तिथे फडा आणि पोछा मारायला बसल्या. मी काकूंना म्हणत होते, "उकिडवं बसायचं नाही काकू, सांध्यावर फार भार येतो. आता तर नाहीच, पुढेही नाही." आणि दहा फुटांवर बेबीताई उकिडव्या बसून पोछा मारत होत्या. संपल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी सागवानी चौकट धरली, दात आवळले आणि आधी उजवा, मग डावा, असे पाय सरळ केले. गुडघ्याचा कट्ट असा आवाज मला ऐकू आला.

तीन महिने मी त्या घरात गुडघेच तपासत होते. फक्त काकूंचे.

त्यांना विचारलं तेव्हा त्या हसल्या. "माझे गुडघे बी तं वाजून राहिले ना मॅडम. तीन-चार वर्षं झाली. पण सात घरं आहेत, बसल्याबिगर पोछा कसा होईन?" मी मनात हिशेब केला. एका घरी पोछ्याला वीस मिनिटं धरली तरी सात घरांची दोन तास वीस मिनिटं. रोज. जी स्थिती मी माझ्या पेशंटला एक मिनिटही घेऊ देत नाही, त्या स्थितीत.

मी निघून आल्यावर काका बेबीताईंशी पगाराबद्दल बोलले. ते कंजूस नाहीत, पण शिक्षकी हिशेबाचा माणूस. मशीन सत्तावीस हजारांचं. झाडू-पोछा आता ते करणार, म्हणून बेबीताईंचे हजार रुपये कमी केले तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. भांडी आणि वरचं मिळून १,४०० द्यायचे. बेबीताई "ठीक आहे काका" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. शेजारच्या मुलीकडून निरोप आला, "दुसरं घर भेटलं म्हणा."

समोरचे पर्याय

१६ मे रोजी मी गेले तेव्हा घर गप्प होतं. टेबलावर काका, काकू, मोबाइलच्या पडद्यावर मुलगा. मला कोणी मत विचारलं नव्हतं. पण ६ तारखेला जे होता होता राहिलं, त्यामुळे बोलणं माझं काम होतं.

मुलाचं पहिलं मत मशीन परत करायचं. ते ६ तारखेच्या धक्क्यातून आलं होतं. मला ते पटलं नाही. दिवाणाखालची धूळ, रोजची सफाई, काकूंचं वाकणं थांबणं, हे फायदे खरे होते. बेबीताई पुन्हा आल्या तर त्यांचंही बसणं कमी होणार होतं, हा मुद्दा मी तेव्हा पहिल्यांदा मांडला.

काकांचं मत उलट. मशीन आहे, भांड्यांना दुसरी बाई पाहू. यात अडचण अशी की मशीन जमीन झाडतं, घर नाही. कूलरच्या टाकीतलं पाणी बदलणं, ओट्याखाली सांडलेलं पाणी, पंख्याची पाती, कोपऱ्यातली जाळी, उंबरठा, यातलं काहीही ते करत नाही. गेल्या दोन आठवड्यांत कूलरखाली साचलेल्या पाण्यावरून काका स्वतः एकदा घसरता घसरता वाचले होते. आणि नवीन बाईला या घरात काठी कुठे टेकते, वॉकर कुठून फिरतो हे शिकायला वेळ लागला असता.

कमी पगारावर बेबीताईंना परत बोलावणं हा तिसरा मार्ग. तो त्यांनी स्वतःच उत्तर देऊन बंद केला होता.

चौथा मार्ग काकूंनी काढला. पगार २,४०० च राहू द्यायचा, काम बदलायचं. काका म्हणाले, मग मशीनचे पैसे कुठे वसूल झाले? यावर काकू म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला तीन लाख लागले. ते कुठं वसूल केले आपण?"

मला यावर जोडण्यासारखं काही नव्हतं.

नागपुरात मोलकरणींच्या हक्कांसाठी लढण्याची परंपरा आहे. विदर्भ मोलकरीण संघटनेचं काम इथे कित्येक वर्षांचं आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि २०२१ पासून असंघटित कामगारांसाठीच्या ई-श्रम पोर्टलवरही नोंदणी होते. पण घरात मशीन आलं म्हणजे बाईच्या पगाराचं काय करायचं, हे शेवटी त्या घराच्या टेबलावरच ठरतं. अकरा वर्षं घरात काम करणाऱ्या माणसाला ते उभ्या उभ्या, कामाच्या मध्ये सांगितलं गेलं, ही चूक आकड्याहून मोठी होती असं मला वाटतं.

काय केलं

काकूंनी फोन केला, बेबीताईंनी उचलला नाही. दोन दिवसांनी काकू ई-रिक्षा करून त्यांच्या घरी गेल्या. ऑपरेशननंतर दवाखाना सोडून त्या पहिल्यांदाच एवढ्या लांब बाहेर पडल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोमवारी बेबीताई कामावर आल्या.

मग आम्ही घर नीट पाहिलं. कडप्प्याच्या पट्टीचा प्रश्न काकांनी इंटरनेटवर शोधला होता. खालच्या सेन्सरवर कागद चिकटवला की मशीन काळ्या फरशीवरूनही जातं. मी ते करू दिलं नाही. तेच सेन्सर मशीनला वरांड्याच्या पायऱ्यांवरून पडू देत नाहीत. ते झाकले तर एखाद्या दिवशी ते पायरीवरून खाली येणार आणि त्याच वेळी तिथे कोणी उभं असलं तर? त्याऐवजी दोन दारांच्या पट्ट्यांवर फिकट रंगाची, चकाकी नसलेली, न घसरणारी टेप लावली. तिच्या कडा घट्ट दाबून बसवल्या, कारण सुटलेली कडाही पायात येते. मशीन आता त्यावरून जातं. देवघराच्या उंबरठ्याला मात्र काकूंनी हात लावू दिला नाही. तिथे रोज हळदीकुंकू वाहिलं जातं. देवघर फड्याकडेच राहिलं.

डॉक कूलरच्या खोलीत आणला, पण कूलरपासून दूरच्या भिंतीला. कूलरची वायर आणि पाण्याचा पाइप जिथून जातो तो चौकोन ॲपच्या नकाशात बंद केला. ॲप मुलाच्या मोबाइलवरून काढून काकांच्या मोबाइलवर घेतलं. ठरावीक वेळेला आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली. मशीन सुरू करायचं ते अंगावरचं बटण दाबूनच, आणि ते दाबणार काकू किंवा बेबीताई. त्याआधी काकूंनी दिवाणावर बसायचं, काठी शेजारी ठेवायची. मशीन डॉकवर परत गेलं की उठायचं.

बेबीताईंनी दोनच दिवसांत असं काही दाखवलं जे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मशीन झाडत असतानाच ओलं कापडही फिरवतं. इथली माती इतकी बारीक की त्या ओलाव्यात तिचा चिखल होतो आणि मोझॅकवर धुरकट पट्टे उठतात. "आधी कोरडं फिरवा काकू, मंग ओलं. आपण बी तं आधी फडाच मारतो." आता पहिली फेरी कापड काढून, दुसरी कापड लावून. पट्टे गेले. हे मला कोणत्याही पुस्तिकेत सापडलं नसतं.

स्वयंपाकघर आणि देवघरासाठी लांब दांड्याचा पोछा आणला, पिळायच्या बादलीसकट. बेबीताई आता या घरात उकिडव्या बसत नाहीत. भांडी तर त्या आधीपासून उभ्यानेच ओट्यावर घासायच्या. वाचलेल्या वेळात रोज एक वरचं काम असतं. कधी पंखे, कधी जाळी, कधी कूलरची टाकी. मशीनचा डबा त्या अंगणात रिकामा करतात, फिल्टर झटकतात, ब्रशला गुंडाळलेले केस काढतात.

एका सकाळी स्वयंपाकघरात खुर्ची ठेवून मी त्यांचे गुडघे तपासले. दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले, डाव्या गुडघ्याला सूज, पूर्ण वाकवताना दोन्हीकडे करकर. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायचा व्यायाम शिकवला. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, हाडांच्या ओपीडीसाठी चिठ्ठी लिहून दिली.

परिणाम

हे लिहिताना दिवाळी होऊन गेली आहे. काकू घरात काठीशिवाय चालतात, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मंदिरापर्यंत जातात. ६ मेनंतर तसा प्रसंग पुन्हा आला नाही. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं आहे. मशीन आठवड्यातून सहा दिवस सकाळी, बेबीताई घरात असताना चालतं. दिवाळीचे दिवस ते बंद होतं. दारात रांगोळी, घरभर झेंडूच्या पाकळ्या आणि खाली मांडलेल्या पणत्या असताना ते सोडणं काकूंना नको वाटलं, मलाही. कोपरे ते अजून सोडतं. काकूंची एक तक्रारही कायम आहे. हाताने मारलेल्या पोछ्यानंतर मे महिन्यात जमीन जशी गार लागायची, तशी याच्याने लागत नाही. खरंच आहे. हे पाणी फारच कमी सोडतं. काठी टेकणाऱ्या माणसासाठी ते बरं, म्हणून मी त्यात बदल सुचवला नाही.

बेबीताईंचा पगार २,४०० आहे. डाव्या गुडघ्याची सूज मात्र फारशी उतरलेली नाही. उतरणार कशी? उरलेल्या सहा घरांत त्या उकिडव्याच बसत होत्या. त्यातल्या एका घरी मी स्वतः जाऊन बोलले, त्यांनी लांब दांड्याचा पोछा आणला. बाकीच्या घरी मला ओळख नव्हती.

आणि एक घर गेलं. त्याच ले-आउटमधल्या एका बाईंनी काकूंकडे मशीन पाहिलं आणि मला विचारलं, चांगलं आहे का हो? मी "हो, फार उपयोगी आहे," म्हणाले. दिवाणाखालच्या धुळीचं सांगितलं, टेपचं सांगितलं, कोरडं आधी आणि ओलं नंतर हेही सांगितलं. गणपतीच्या आधी त्यांनी तेच मशीन घेतलं आणि त्या महिन्याच्या शेवटी बेबीताईंचा हिशेब करून टाकला. त्या घरचे १,१०० रुपये बंद झाले. काकूंच्या टेबलावर जे सगळं बोलणं झालं होतं, त्यातला एक शब्दही मी त्या बाईंना सांगितला नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

मशीन मागवण्याआधी कोणीतरी उंबरठा मोजायला हवा होता आणि फरशीचा रंग पाहायला हवा होता. हे दहा मिनिटांचं काम होतं. मी आठवड्यातून तीनदा तिथे जात होते. मुलाने मला एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं. पण घरात मशीन येणार आहे हे काकूंनी मला आधीच सांगितलं होतं. मीही आपणहून मुलाला फोन केला नाही. "माझा विषय नाही" असं वाटलं. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या घरात जमिनीवर फिरणारी कोणतीही वस्तू हा माझाच विषय आहे.

बटण कोणाच्या हातात, हे पहिल्या दिवशी ठरायला हवं होतं. मुलाचं प्रेम मी कमी लेखत नाही. पण घरात चालणाऱ्या मशीनची वेळ त्या घरात चालणाऱ्या माणसानेच ठरवावी. पुण्याहून दिसत होता नकाशा. त्या नकाशात ताम्हण घेऊन येणारी आई नव्हती.

काकांनी पगाराचा विषय काढायलाच नको होता असं मी म्हणत नाही. काम बदललं तर पगाराचं बोलणं होणारच. पण ते मशीन घेण्याआधी, बसून, बेबीताईंना विचारून व्हायला हवं होतं. त्यांना आधी विचारलं असतं तर कोरडं-ओलंही पहिल्या दिवशीच कळलं असतं, कारण ती जमीन अकरा वर्षं त्यांच्या हाताखालची होती.

माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये पडण्याच्या धोक्यांची यादी असते: सैल पायपुसणं, वायर, अंधार, बाथरूममधली ओल. तिच्याखाली आता दोन ओळी हाताने लिहिलेल्या आहेत. या घरात जमीन कोण पुसतं? बसून की उभ्याने? उत्तर "बाई येते" असं मिळालं तर त्या येण्याच्या वेळेला एकदा जायचं, हे मी ठरवलं आहे. गेल्या दोन महिन्यांत चार घरी गेले. त्यातल्या दोन घरी लांब दांड्याचा पोछा आला आहे.

बेबीताईंचा एक्स-रे अजून झालेला नाही. चिठ्ठी त्यांच्या पिशवीत घड्या पडून आहे. मेडिकलच्या ओपीडीत नंबर लागायला अख्खी सकाळ जाते, आणि सकाळी सहा घरं असतात. काकूंनी येत्या मंगळवारची सुट्टी दिली आहे. उरलेल्या पाच घरांना बेबीताई विचारून राहिल्या आहेत.